छकड्याचं फॅमिली मॉडेल

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणाऱ्या छकड्यात तुम्ही कधी आपल्या सासूबाईंना बसवलंय का? आम्ही बसवलंय! म्हणून तर सांगायला बसले. सुताराच्या दुकानातला भुसा सकाळी कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा पायाला लागतोच. सेलूच्या आमच्या दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच आहे.

आमचे हे आणि धाकटे दीर सुनीलभाऊजी पटाचे छकडे बनवतात. दोन चाकं, बैल जुंपायला पुढे एक धुरा, उभं राहायला पातळशी फळी; बैल सुटले की वारा! ह्यांचा एक नियम आहे. तयार छकडा एका हातानं उचलून बघायचा. उचलला नाही तर तो दुकानाबाहेर जात नाही. पुन्हा रंधा!

पण पटाचा हंगाम संपला की दुकान थंड. यंदा भाऊजींनी सांगूनच टाकलं, "दादा, उन्हाळ्यात काम नाई भेटलं तर मी पुण्याले कंपनीत जातो."

त्या दिवशी ह्यांचा रंधा चांगल्या सागवानावर वाकडा चालला.

*

तोड भाऊजींनीच काढली. मोबाईलवर वाचून सांगू लागले, "परदेशातली एक कंपनी नुसत्या रेसच्या गाड्या बनवे. मंग तिनं लेकराबाळाची मोठी गाडी काढली. लोक हासले, पण त्याच गाडीनं कंपनी तारली! आपण बी मॉडेल वाढवू."

हे म्हणाले, "आपल्या गाडीत बसाले जागा नाई. मॉडेल कायचं वाढवतं?"

"जागाच तर वाढवाची हाय, दादा!"

*

मग फॅमिली मॉडेल तयार झालं. मागे गादीचा बाक, टेकायला पाठ, धरायला दांडी. पण सवय जाते कुठे? हे रोज एका हातानं उचलून बघायचे आणि रोज थोडा रंधा मारायचे. शेवटी गाडी उचलली. सगळे खूश!

उद्घाटनाला सासूबाईंना नवं लुगडं नेसवून बोलावलं. बैल अजून जुंपायचे होते. सासूबाई अंगानं चांगल्या भरलेल्या. त्या मागच्या बाकावर टेकल्या मात्र, गाडी उलाळ! धुरा वर, बाक जमिनीला, आणि सासूबाईंचे पाय आभाळाकडे.

गादी जाड होती म्हणून काही लागलं नाही. पडल्या पडल्याच त्या ओरडल्या, "सुन्या, मले वावरात न्याचं होतं का वर धाडाचं होतं बे?"

*

दुसरं मॉडेल वरातीचं. झालर, आरसे, मखमली बैठक. सिंदीच्या एका शेतकऱ्यानं मुलाच्या लग्नाला नेलं. बैल त्याचेच होते, पटात नाव काढलेले. भाऊजी हाकायला.

वरात मजेत निघाली. नाचणाऱ्यांतल्या एकानं जोरात शिट्टी मारली आणि बैलांना वाटलं, पट सुरू झाला!

मांडवात बाया अजून रांगोळी काढत होत्या. तेवढ्यात धुळीतून नवरदेव हजर. बाशिंग कानावर, हात भाऊजींच्या कमरेला. वऱ्हाडाचा पत्ता नाही!

नवरीचे वडील म्हणाले, "बाप्पा! जावई लयच घाईत दिसते!"

भाऊजी घरी आल्या आल्या म्हणाले, "दादा, ब्रेक लागते."

हे तडकले, "पटाच्या गाडीले ब्रेक? पळणाऱ्याच्या पायात बेडी घालतं काय?"

*

एक मास्तर गाडी बघायला आले. सगळीकडून फिरून, वाकून बघितली आणि विचारलं, "मायलेज काय देते?"

भाऊजी म्हणाले, "सर, ते बैल किती कुटार खाते त्यावर हाय!"

*

पाण्याच्या टाकीची गाडीसुद्धा केली. ती रंगवायला दिली आमच्या गौतम पेंटरला. त्यानं जन्मभर पटाचे छकडे रंगवलेले. टाकीवर त्यानं ज्वाळा काढल्या, उधळलेला बैल काढला आणि लिहिलं, 'तुफान'.

गाडी खेचायला एक म्हातारा बैल. दर दहा पावलांवर थांबायचा. बाया दारातून ओरडायच्या, "अवो, तुफान निघालं काय? जेवण करून घेतो मंग!"

*

शेवटी नागपूरच्या पाहुण्यांना शेत दाखवायचा धंदा करणारे एक भाऊ आले. त्यांना फॅमिली मॉडेलच्या बऱ्याच गाड्या हव्या होत्या. पण उद्घाटनाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती!

"माझे पाहुणे म्हातारेकोतारे असतात. तुमच्या आई या गाडीत बसून माझ्या शेतावर आल्या, तर ऑर्डर पक्की. उद्या सकाळी या."

भाऊजींची पुण्याची गाडीही उद्या सकाळीच होती. भरलेली बॅग दाराशी ठेवलेली. कामाची वाट बघून बघून त्यांनी तिकीट काढलं होतं.

सासूबाईंनी पदर खोचला. "मी काई बसत नाई! बसलो तं सुन्या हाकंल तवाच."

"माय, माही गाडी हाय ना सकाळी."

"मंग माही नाई."

ह्यांनी तोवर बाक पुढे सरकवला होता. आणि कुणाला न सांगता ब्रेकही बसवला होता! सवयीनं त्यांनी गाडीला एक हात घातला. गाडी हलली नाही. त्यांनी रंधा उचलला. मग त्यांनी रंधा खाली ठेवला.

"सुनील, तिकून धर. दोन माणसं लागतात आता हिले."

दोघांनी मिळून गाडी दाराबाहेर ठेवली. भाऊजींनी बाक दाबून बघितला, मग धुरा. म्हणाले, "दादा, पुढं अजून थोडं वजन पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची ती भरलेली बॅग धुऱ्याला घट्ट बांधली, सासूबाई मागच्या बाकावर बसल्या, आणि सुनीलभाऊजींनी गाडी शेताच्या रस्त्याला काढली.