कोळवणच्या तांदळाची ओटी

पौडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना मी ताई म्हणायचे. सुई टोचताना त्या हटकून आमच्या भाताच्या रोपांची चौकशी करायच्या. मी सांगायला लागले की इंजेक्शन देऊनही झालेलं असायचं.

डॉक्टर ग्रोथ फॅक्टर, प्रथिनं असं बोलून गेले की ताई स्टूल ओढून बसायच्या. "अंडाशयात बीज वाढाया ही प्रथिनं लागत्यात, खतावानी. तुज्यात त्यांचा मेळ बसंना. रोपं लई उगवली, पर एकबी भरंना. आन् हेच खत भलतीकडं लागलं, की गाठीबी वाढत्यात."

"माझं काय चुकलं, ताई?"

"तुजं? कायबी न्हाई."

मूल होण्यासाठीचा शेवटचा उपचारही फसला. फाईल आणायला गेले, तेव्हा ताईंनी मला ओढणी पसरायला लावली आणि कोळवणच्या त्यांच्या स्वतःच्या शेतातल्या तांदळानं माझी ओटी भरली. आमच्या गावात मूल नसलेल्या बाईला ओटीच्या वेळी हळूच वगळायचे.

"आता कशाला, ताई?"

"ओटी बाईची भरत्यात, पोराची न्हाई."

तो दवाखाना आता बंद झालाय. त्या तांदळाचा भात मी ओटी भरली त्याच दिवशी केला, आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.