मुदतीतलं पत्र

हे मी कोणापाशी बोललेले नाही. देवापुढेही नाही — तिथं मी वात लावते, हात जोडते आणि घाईनं मागे फिरते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतंय. बघू.

कासारवाडीला स्टेशनच्या मागच्या बाजूला आमचं घर आहे. आमचं म्हणजे — माझ्या थोरल्या भावाचं. दादा चाकणच्या एका कंपनीत होता, शिफ्टमध्येच उभं आयुष्य गेलं त्याचं. माझा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तेव्हा दादा-वहिनींनी मला ठेवून घेतलं. मागची खोली वहिनींच्या शिलाई मशीनची होती. त्यांनी स्वतःच मशीन भिंतीकडे सरकवलं आणि माझी कॉट लावली. "शोभाताई, मशीनचा आवाज तेवढा सोसावा लागेल हं," एवढंच म्हणाल्या.

दादा रिटायर व्हायच्या सुमारास दोघांचं फाटलं. का? ते मी सांगायचं नाही. भांडणापेक्षा अबोलाच जास्त होता. वहिनी मोशीला एका खोलीत राहायला गेल्या, शाळेचे गणवेश शिवायच्या कामाला लागल्या. कोर्टात घटस्फोटाची तडजोड झाली. त्यात एक अट होती — घरातला निम्मा हिस्सा आणि दादाच्या पेन्शनमधला वाटा वहिनींनी सहा महिन्यांच्या आत लेखी मागायचा. नाही मागितला, तर हक्क सोडला असं धरायचं. दोघांचं बोलणं बंद. जे काही असेल ते माझ्यामार्फत.

मुदतीला तीन आठवडे होते तेव्हा वहिनींनी मला पिंपरीच्या मंडईत बोलावलं. हातात बंद पाकीट. म्हणाल्या, "वकील म्हणतात रजिस्टर पोस्टानं पाठवा. घरच्या माणसाला कसलं पोस्ट? तुम्हीच त्यांच्या हातात द्या."

मी पाकीट पिशवीत ठेवलं, वर मेथीची जुडी ठेवली. त्या दिवशी द्यायचंच होतं — खरंच द्यायचं होतं का? घरी आले तर दादा पेपर वाचत बसलेला. मी भाजी निवडायला बसले. संध्याकाळी पाकीट माझ्या पेटीत गेलं, साड्यांच्या तळाशी.

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला. "दिलंत?"

"दिलं."

"वाचलं त्यांनी?"

"वाचलं. काही बोलला नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

घर विकावं लागलं तर मी कुठं जाऊ, याची भीती होती — असं मी स्वतःला सांगायची. भीती नव्हती. मला ते घर हवं होतं.

आणि मग दादाचं ते सुरू झालं. दुपारी जेवून आडवा व्हायचा आणि मध्येच उठून बसायचा. "शोभे, मशीन कोण चालवतंय गं?" मशीनवर चादर होती. पट्टा वहिनी जायच्या आधीच तुटलेला. मी म्हणायची, रेल्वेचा आवाज असेल. तो मान हलवायचा. "रेल्वे मला कळत नाही होय?" मग मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. आत पाऊल टाकायचा नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला. दिवसभर. दिवेलागणीला म्हणाला, "नाही मागितलं तिनं. मागितलं असतं तर सगळंच दिलं असतं. तेवढा हक्कही वाटला नाही तिला माझ्यावर."

मी आत कणीक मळत होते. मळतच राहिले.

दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेल्यावर मी पाकीट फोडलं. वकिलाच्या भाषेत टाइप केलेल्या चार ओळी. खाली पेनानं, वहिनींच्या अक्षरात — 'दुपारची गोळी जेवणानंतर घ्या. तुम्ही विसरता.'

तेव्हाही देता आलं असतं. मुदत कागदाची संपली होती, दादाची नव्हती. मी पाकिटाची घडी घातली आणि परत तळाशी ठेवलं. दुपारची ती गोळी मी त्याला कधी द्यायची, कधी विसरायची. वर्षाच्या आत तो गेला. खुर्चीत बसल्या बसल्या, दुपारी.

दहाव्याला वहिनी आल्या. सगळे उठल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "खरं सांगा, वाचलं होतं ना त्यांनी?"

मी हो म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत बघून हो म्हणाले.

दादालाही मूलबाळ नव्हतं, घर माझ्या नावावर झालं. आणि आता तो आवाज मला येतो. रात्री तीनच्या सुमाराला, मागच्या खोलीतून. आधी थोडा थांबत, मग सलग — लांब शिवण घालावी तसा. मी मशीन गल्लीतल्या एका बाईला देऊन टाकलं. आवाज गेला नाही. झोपायला बाहेरच्या खोलीत येते, कॉटही तिथं आणली. परवा झाडताना त्या रिकाम्या खोलीत धाग्याचे तुकडे सापडले. खाकी. गणवेशाचा रंग. या घरात खाकी कधी कोणी शिवलं नाही.

मेलेलं माणूस असतं तर उतारा तरी टाकला असता. पण वहिनी जिवंत आहेत. मग शिवतंय कोण?

मागच्या महिन्यात त्या नाशिक फाट्याच्या बसस्टॉपवर भेटल्या. वाळल्यात. चष्मा लागलाय. माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "झोप होत नाही ना तुम्हाला?" मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. अंगावर काटा आला. त्यांनी माझा हात धरला. "त्या घरात एकट्या नका राहू. माझ्याकडे या. एकच खोली आहे, पण दोघी मावू."

त्यांचा हात गार होता. की माझा?

"येईन," मी म्हणाले. बस आली. मी चढले, आणि त्या उभ्या होत्या ती बाजू सोडून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.