गरम गोळ्या

गिरिजाकाकू इंद्रलोक वसाहतीत आमच्या शेजारी राहायला आल्या, त्या मुळी भुताला घाबरून. खरं तर भुतानंच त्यांना घाबरायचं! रत्नागिरीकडची खमकी बाई. तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली की गेटबाहेरचा भाजीवाला जागीच थांबायचा.

आधी त्या जवळच्याच राई गावात खोली घेऊन राहायच्या. तिथे त्यांची सून अंबिका सातव्या महिन्यातच बाळंत झाली, आणि मूल मेलेलंच जन्मलं. "ती जागाच बरी न्हाय," असं शेजारणी म्हणाल्या. काकूंनी मुलाच्या, शशिकांतच्या, मागे लागून बिऱ्हाड हलवलं. त्र्याण्णव साली अंबिकाला पुन्हा दिवस गेले, तेव्हा काकू तिला तळहातावरच्या फोडासारखं जपू लागल्या.

पण ते इथेही आलं. मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असताना अंबिका स्वेटर घालून गॅलरीत बसायची. हात धरला तर माठासारखा गार. आवाज घोगरा, पुरुषी झाला. चेहरा सुजला, भुवया कडेने विरळ झाल्या. हाक मारली की मान वळायला वेळ लागायचा, आणि वळून जी बघायची ती अंबिका वाटायची नाही. गळ्यावर जुन्या ऑपरेशनचा आडवा व्रण. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू?

"राईहून मागोमाग आलंय गो," काकू म्हणायच्या, आणि रोज संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या. अंबिका आणखीच गार होत गेली.

मग एके दिवशी ती म्हणाली, "बाळ फारसं हलत नाहीये." शशिकांत ऑफिसात, म्हणून काकूंबरोबर मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं. खरखर झाली, मग एक ठोका. जरा थांबून दुसरा.

"आईचेच ऐकू येताहेत वाटतं," असं म्हणत त्यांनी अंबिकाची नाडी धरली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. आईची नाडी त्याहून संथ होती. यंत्रात वाजत होतं ते बाळाचंच हृदय. पोटातल्या बाळाचं हृदय घोड्यासारखं दौडतं म्हणे. हे म्हाताऱ्या माणसासारखं जिना चढत होतं.

डॉक्टरीणबाईंची नजर व्रणावर गेली. "थायरॉइडचं ऑपरेशन ना? गोळ्या चालू आहेत?"

अंबिकानं सासूकडे पाहिलं.

"मी बंद केल्या," काकू म्हणाल्या. "पोटुशीला गरम पडतात हो."

"अहो, त्या गोळीवर हिचं सगळं शरीर चालतं! ती नसली की आई थंडावते, आणि आईकडून मिळायचं ते न मिळाल्यानं बाळाचं हृदयही मंदावतं."

काकूंचा कधीच न ऐकलेला बारीक आवाज आला, "मागच्या वेळीपण मीच बंद केल्या होत्या."

डॉक्टरीणबाईंनी दाखल करायची चिठ्ठी लिहायला घेतली.

अंबिकाला दाखल केलं, गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांनी तिला घाम येऊ लागला आणि यंत्रातले ठोके हळूहळू पाय उचलू लागले. दिव्या जन्मली ती एवढीशी, पण रडली मात्र आजीच्या आवाजात. त्या दिवसापासून सकाळी उपाशीपोटी सुनेला गोळी काकू स्वतः द्यायच्या.

बारशाला राईची जुनी शेजारीण दुर्गा आली होती. तिनं हळूच विचारलं, "काय व्हतं गो ते? गेलं का न्हाय?"

काकूंनी मांडीवरच्या दिव्याच्या छातीवर हात ठेवला होता. तो तसाच ठेवून म्हणाल्या, "मीच होते गो."