गवत आमचं, दार मागचं

"आडनाव काय तुझं?"

स्टेडियमच्या मॅनेजरनं विचारलं. आईनं सांगितलं. त्यानं खेळाडूंच्या पाण्याचा जार उचलला आणि सगळ्यांसमोर गवतावर उपडा केला. आईच्या हातात अर्धा प्यालेला ग्लास तसाच.

ते गवत आईनंच लावलेलं. शहरात हे फुटबॉलचं एवढं मोठं स्टेडियम उभं राहिलं, तेव्हा ठेकेदारानं औंढ्याच्या आमच्या बौद्धवस्तीतल्या बायका टेम्पोत भरून नेल्या. भात लावतात तसं वाकून, मागं मागं सरकत त्यांनी मैदान हिरवं केलं. पण तिथं फुटबॉल कमी, सभा आणि गाण्याचे कार्यक्रम जास्त. मांडवाखाली गवत जळायचं, की पुन्हा आमच्या बायका. जा-ये मागच्या दारानं, कचऱ्याच्या डब्यांशेजारून.

त्या दिवशी मी कॉलेजच्या टीममध्ये होते. अंगात जर्सी, पायांत मैत्रिणीचे बूट. आई कडेला तण काढत होती. ऊन लय. तहान लागली म्हणून तिनं जारचं पाणी घेतलं. एवढंच.

"कुणाबरोबर आहे ही?" मॅनेजर ओरडला.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली.

"कुणाबरुबर न्हाई सायेब. चुकलं माजं."

मी तिची पोरगी हे कळलं तर मला खेळवणार नाहीत, ही तिची भीती. माझ्या जर्सीसाठी तिनं मलाच नाकारलं. पालथा जारसुद्धा मला एवढा झोंबला नव्हता.

"माझी आई आहे ती," मी म्हणाले. "आणि तिचं काही चुकलं नाही."

"आधी मॅच खेळ, मग बघू," कोच पुटपुटले.

मी बूट काढून मैत्रिणीला दिले. आईचा हात धरला. पुढच्या दारावर वॉचमन म्हणाला, "लेबर मागनं."

आम्ही पुढनं गेलो.

आईचं काम गेलं. टीममधून मी गेले. वस्तीत पहिली पदवी माझी, पण नोकरी अजून नाही. आई म्हणते, "तुज्या तोऱ्यानं चूल इझली."

काल ठेकेदाराचा आईला फोन आला; आधी बायका तीच जमवायची. कार्यक्रमात मैदान जळलंय, बायका पाठवा. आईनं लगेच खुरपं शोधलं. फोन मी घेतला.

"बायका पुढच्या दारानं येतील. खेळाडूंच्या जारचंच पाणी पितील."

तो हसला. "मॅडम, बायका लय मिळतात."

"आमच्या वस्तीतली एकही मिळणार नाही. जळलंय तसं राहू दे."

आई भिंतीकडं तोंड करून बसली. पिठाचा डबा रिकामा, हे मलाही दिसत होतं. तिच्या हातातलं खुरपं मी काढून घेतलं नाही. चपला घातल्या आणि कुणी कामावर जाऊ नका, हे सांगायला शेजारचं पहिलं दार वाजवलं.