नकाशावर चालणाऱ्या ठोसर मॅडम

ठोसर मॅडम नकाशा टेबलावर ठेवून कधी पाहत नसत. तो हॉलमध्ये जमिनीवर पसरायला लावत, चपला काढत आणि त्याच्यावर चालत. लखनौच्या थंडीत जाड लोकरी मोजे घालून, उन्हाळ्यात अनवाणी. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी दारात उभी होते, आणि चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेली एक ठेंगणी बाई माझ्यासमोर नकाशावरची गोमती नदी ओलांडत होती. पलीकडे पोचल्यावर त्या थांबल्या. "यह गाँव, यह स्कूल. मैं दो कदम में आ गई. लड़कियों को कितना टाइम लगता है?" हॉलमधल्या कोणालाच माहीत नव्हतं. "फिर रंग किस बात के भर रहे हो?" असं म्हणून त्या पुढच्या तालुक्यात गेल्या.

त्यांच्या चालण्याने कागद फाटत. म्हणून मोठे नकाशे त्या कापडावर चिकटवून घेत. ते कापड आणायला आम्ही दोघी अमीनाबादला गेलो होतो. दुकानदाराने मलमल पुढे टाकत विचारलं, "क्या बनेगा बहनजी, सूट?"

"ज़िला बनेगा, भैया. छह मीटर दीजिए."

त्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने मोजायला लागला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. शहराभोवतीच्या मोठ्या प्रदेशात पुढे घरं कुठे व्हावीत, गोदामं आणि कारखाने कुठे, शेती कुठे राहावी, हे ठरवणाऱ्यांना नकाशे करून द्यायचे. त्यासाठी उपग्रहाचं चित्र घेऊन जमिनीचा प्रत्येक तुकडा शेत, वस्ती, झाडी, पाणी, पडीक अशा गटांत टाकायचा. मी ते काम कॉम्प्युटरवर करत असे आणि ते मला फार आवडत असे, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नसे.

मॅडम मूळच्या अकोल्याच्या. नवरा रेल्वेत, म्हणून लग्नानंतर लखनौला आल्या त्या इथल्याच झाल्या. माझे बाबा हवाई दलात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्या मुलींना घरातलं मराठी कळतं, पण तोंडातून हिंदी येतं. मॅडम माझ्याशी मराठीत बोलत, मी हिंदीत उत्तर देई. त्यावर त्या कधी काही म्हणाल्या नाहीत. फक्त पाहणीची डायरी मात्र मराठीत लिहायला लावली. "मराठीत लिही, म्हणजे साहेबांबद्दल खरं लिहिता येईल. इथे दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही." मी आज हे लिहू शकते ते त्या डायऱ्यांमुळे.

मी गप्प राहिले की त्या म्हणत, "सईबाई, तोंडात सुपारी धरलीय का?" आणि माझं एखादं काम चांगलं झालं, तर नकाशावर उभं राहून नुसत्या टाचा दोन वेळा उचलत. ती त्यांची शाबासकी.

ऑक्टोबरमध्ये आराखड्याचा मसुदा तयार झाला. आठ दिवसांनी तो मंजूर करणाऱ्या समितीची बैठक होती. मॅडमचा नियम असा की बैठकीआधी मसुद्यातल्या दहा जागा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि स्वतः जाऊन पाहायच्या. आमच्या ऑफिसचे साहेब या प्रकाराला "मैडम की लॉटरी" म्हणत. त्या वेळी चिठ्ठीत निघालेली एक जागा आलमबागच्या बसस्थानकावरून बसने दीड तासावर होती. मसुद्यात तिथे गोदामांचा मोठा पट्टा दाखवला होता.

आम्ही उतरून गावामागे गेलो आणि मी टॅबलेट उघडला. आम्ही कुठे उभ्या आहोत ते दाखवणारा ठिपका तपकिरी रंगाच्या मधोमध होता. तपकिरी म्हणजे पडीक. समोर पाणी होतं. नजर पोचेल तिथपर्यंत पाणी आणि त्यावर शिंगाड्याच्या वेलींची हिरवी जाळी. टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसलेल्या बायका हाताने पाणी मागे सारत शिंगाडे तोडत होत्या.

तो रंग मी भरला होता. मी टॅबलेट छातीशी धरला. मॅडमनी माझा चेहरा पाहिला आणि हात पुढे केला.

"कोणत्या महिन्याचं चित्र घेतलं होतं?"

"मई का."

"मेचंच का?"

"बादल नहीं थे, मैडम. एकदम साफ़ इमेज थी."

मॅडम खो खो हसायला लागल्या. मी रडायच्या बेतात होते. "अगं, आम्ही सगळ्यांनी हेच केलंय. ढग आले की चित्र बाद! म्हणजे ज्या दिवसांत पाणी असतं तेवढेच दिवस आपण बघत नाही." उन्हाळ्यात हा ताल, म्हणजे हे तळं, पूर्ण आटतो, वर पांढरट माती उरते. वरून पाहिलं तर कोणीही त्याला नापीकच म्हणेल.

काठावर आलेल्या एका वयस्कर बाईने ओले हात पदराला पुसले. त्यांना सगळे दुलारी चाची म्हणत. त्यांनी टॅबलेटमध्ये डोकावून विचारलं, "बिटिया, इसमें हम लोग कहाँ हैं?"



दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेब जमिनीच्या नोंदींचा खसरा उघडून वैतागले. "खसरे में बंजर लिखा है, सैटेलाइट में भी बंजर. दो-दो गवाह हैं, मैडम."

"दोनों गवाह मई में आए थे, साहब."

साहेब म्हणाले, बैठकीत सिद्ध करा, नाहीतर मसुदा आहे तसा जाईल. म्हणजे ताल बुजवला जाणार, शिंगाडे जाणार, आणि चाचीच्या गावाला दुसरा धंदा नव्हता. मला वाटलं, मॅडम बोलतील. त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, "नकाशाचा हा थर तुझा, चूक तुझी, बोलणारही तूच. मी मागे बसेन."

तो आठवडा मी विसरणार नाही. मागच्या अनेक वर्षांची पावसानंतरची चित्रं मी काढली. ढगांच्या आरपार पाहणारी रडारची चित्रंही काढली. मग पुन्हा गावात जाऊन चाचीला म्हटलं, पाणी जास्तीत जास्त कुठवर येतं ते दाखवा. त्या पुढे, मी मागे. बाभळीच्या खोडावरची चिखलाची खूण, एका देवळाची तिसरी पायरी, कोणाच्या तरी गोठ्याचा कोपरा. चाची तासन् तास चालल्या आणि माझ्या जीपीएस यंत्रात त्यांच्या पावलांची रेघ उमटत गेली. ऑफिसात ती रेघ मी रडारच्या चित्रावर ठेवली. दोन्ही कडा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. मी खुर्चीतून उठून किंचाळले. ऑफिसात माझा आवाज पहिल्यांदाच इतका मोठा निघाला होता. शेजारच्या टेबलावरचे वर्माजी चहा सांडून म्हणाले, "अरे, यह तो बोलती है!"

बैठकीत मी उभी राहिले. मागे मॅडम बसल्या होत्या, पण मी वळून पाहिलं नाही. "यह गलती मेरी है," इथूनच मी सुरुवात केली. मग मेचं चित्र, ऑक्टोबरचं चित्र, रडार, चाचीची रेघ, आणि चार गावांचे नाले उतरत उतरत याच खोलगट जागी कसे येतात ते.

एक अधिकारी हसून म्हणाले, "मैडम, पानी तो गर्मी में सूख ही जाता है. गोदाम में दिक्कत क्या है?"

कसं सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "तो बरसात में चार गाँव का पानी कहाँ रखें, सर? आप जगह बता दीजिए, मैं वहाँ नीला रंग भर देती हूँ."

 मग अध्यक्षच मोठ्याने हसले. "भाई, बताओ जगह!" कोणी सांगितली नाही.

तासाभरात ठरलं. ताल निळा झाला. त्याच्याभोवती बांधकामबंदीचा पट्टा आला. गोदामं महामार्गाजवळच्या उंच, खरोखरच्या पडीक जमिनीवर गेली. आणि यापुढे कुठलाही नकाशा दोन ऋतूंच्या चित्रांशिवाय मंजूर होणार नाही, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. मॅडमनी ओळ सुचवली ती फक्त तेवढीच.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांनी नवऱ्याला फोन लावला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा मराठीत सांगितलं, "अहो, आमची सई बोलली! काय बोलली म्हणता? सगळ्यांना गप्प केलं पोरीने!" दुलारी चाचीला फोन मी केला. पलीकडे आधी बातमी ओरडून सांगितल्याचा आवाज आला, मग अनेक बायकांचा गलका. बराच वेळ मला कोणी बोलूच दिलं नाही.

मार्चअखेर मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण त्यांनी दोन वाक्यांत आटोपलं, समोसे मात्र सगळ्यांना दोनदा दिले. संध्याकाळी त्या पिशवी आवरत असताना साहेब एक नवा नकाशा घेऊन आले. दुसऱ्या जिल्ह्याचा, परवा पाठवायचा होता. मी बाजूला सरकले, कारण तो त्यांनाच दाखवायला आणलाय असं मला वाटलं. साहेबांनी तो माझ्यापुढे धरला.

"सई मैडम, ज़रा देख लीजिए. ठीक है न?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या जागेवर नव्हत्या. पिशवी खांद्याला लावून त्या जिना उतरायलाही लागल्या होत्या. माझं उत्तर ऐकायला थांबावं, इतकीही त्यांना माझी चिंता उरली नव्हती.

"गाड़ी मँगवाइए, सर," मी म्हटलं. "वहाँ जाकर बताती हूँ."