खिडकीबाहेर गेलेली बातमी

"नव्या फौजदारबाईंना देवानं आवाज दिलाय का न्हाई रं?"

ठाण्याच्या व्हरांड्यातला हा प्रश्न मला आत स्पष्ट ऐकू आला. ते प्रकरण आठवायला लागलं की आजही आधी हाच प्रश्न आठवतो. विचारणारे आमचे हवालदार होते आणि पुढे त्यांचाच आवाज मुख्य पुरावा ठरला.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठच्या एका गावात उपनिरीक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली होती. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी बोलताना मी प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून घेई. तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असे.

धरणाचे दरवाजे उघडले की ठाण्याला वायरलेसवर संदेश येई. एकाहत्तरच्या युद्धानंतर धरणाविषयीचा प्रत्येक कागद गोपनीय झाला होता, त्यात पाणी सोडल्याची बातमीही आली. हवालदार ती फोनवरून सांगलीकडच्या पुढच्या ठाण्याला देत. गावात दवंडी द्यायला मात्र मनाई होती.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एका वीटभट्टीच्या मालकानं तक्रार आणली. नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या सखल जमिनीत, झोपड्या घालून राहिलेले त्याचे मजूर पाणी दिसायच्या आधीच काम टाकून बायकापोरांसह वर येत होते.

"मला कळायच्या आधी त्येंना कसं कळतंय? तुमच्यातलंच कोनतरी फुटलंय," तो म्हणाला. बातमी खाली पोचवण्याबद्दल त्याचा संशय ठाण्यासमोर, नदीच्या घाटाच्या माथ्यावर भजी विकणाऱ्या मावशींवर होता. त्यांची बहीण त्याच झोपड्यांत राहत होती.

संशयित बाई असल्यामुळे ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी तपास माझ्याकडे दिला. मी कुणाला काही न विचारता नुसती पाहत राहिले. एका दुपारी संदेश आला आणि थोड्याच वेळात मावशींनी भजीच्या चुलीवर ताणलेलं आपलं पांढरं कापडी पाल उतरवलं. खालच्या मळीतून ते पाल लांबूनही दिसत असे. ते दिसेनासं झालं तशी माणसं गाठोडी घेऊन घाट चढू लागली.

मावशींना आत बोलावलं. "आतली बातमी तुम्हाला कोण देतं?"

"आवं बाईसायेब, द्यायला कशाला पायजे? हवालदार फोनवर बोंबलत्यात की, 'पानी सुटलं, पानी सुटलं!' फोन न्हाई लावला तरी सांगलीला ऐकू जाईल."

दारातल्या शिपायानं तोंड फिरवलं.

"मग पाल का उतरवता?"

"भनीची लेकरं हायती खाली. त्यात चोरी कसली? घालायचं तर घाला आत, पर लवकर ठरवा. तेल तापलंय माझं."

गुन्हा एवढाच होता. लाइन खराब, म्हणून हवालदार ओरडत. उकाडा, म्हणून खिडकी उघडी. कागदावर शिक्का मात्र 'गोपनीय'.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी मावशींना सोडलं आणि हुकूम काढला: फोन करताना खिडकी बंद, आवाज खाली. मी "येस सर" म्हणाले. मळीतल्या लोकांना आता कळणार कसं, हे विचारायचं होतं. वाक्य जुळेपर्यंत साहेब जीपमध्ये बसले होते.

पुढे काही दिवसांतच वर धरणाकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर परतीचा पाऊस कोसळला. आमच्याकडे कोरडं ऊन होतं. साहेब बैठकीला साताऱ्याला गेले होते. संदेश आला. हवालदारांनी खिडकीला कडी घातली आणि फोनवर हात धरून ते कुजबुजू लागले. पलीकडून नुसतं "आं? आं?" येत राहिलं. काचेतून मावशींचं पाल दिसत होतं, आणि खाली मळीत चुलींचा धूर.

पुढच्या नोकरीत मी पुष्कळ गोपनीय कागद हाताळले. साक्षीदाराचं नाव, एखाद्या मुलीची फिर्याद, हे झाकूनच ठेवावं लागतं. पण पाणी कधी येणार ही बातमी ज्याच्या दारात पाणी येणार त्याची असते. सरकारनं ती फक्त त्याच्यासाठी सांभाळायची असते. शिक्का मारणारा हात हा फरक क्वचितच करतो. त्या संध्याकाळी मळीवरून पाणी फिरलं तेव्हा कच्च्या विटा गेल्या, झोपड्यांत माणूस नव्हतं.

हवालदारांची कुजबुज ऐकत उभी होते तेव्हा यातलं काही मी मनात मांडलं नव्हतं. वाक्यही जुळवलं नाही.

"हवालदार, खिडकी उघडा," मी म्हणाले, "आणि तुमच्या नेहमीच्या आवाजात बोला."