गिरणी चालू असेपर्यंत

आमच्या ग्रुपबद्दल आजकालच्या पोरांना सांगितलं की ती हसतात. नगरला? दुष्काळाच्या साली? रॉक? हसा लेको. माझ्या नातवाच्या कानात दिवसभर ती दोन बोंडं असतात आणि त्याला वाटतं, सगळं संगीत त्याच्याबरोबरच जन्माला आलं. आम्ही तिघं होतो. गिटारवाला मिशनच्या चाळीतला, चर्चमध्ये वाजवून शिकलेला. मी ड्रम बडवणारा. माझ्या मामाचा लग्नातला बँड होता, तिथला एक मोठा ढोल, एक लहान ड्रम आणि एक चिरलेली झांज मी दुरुस्तीला म्हणून आणली होती, ती परत कधी गेलीच नाही. आणि तिसरा आमचा गाणारा. मला त्याच्याबद्दल सांगायचंय, आणि त्याच्या आईबद्दल.

त्याचे वडील तो लहान असतानाच वारले. मागे राहिली एक पिठाची गिरणी आणि तिच्यामागची एक खोली. त्याची आई, आम्ही तिला मावशी म्हणायचो, पारनेरकडच्या शेतकऱ्याची लेक. मोटर म्हणजे काय हे तिला लग्नाआधी ठाऊक नव्हतं. पण नवऱ्यामागे तिने पदर खोचला आणि गिरणी चालवली. दगड झिजले की त्यांना टाकी लावायला तेवढा माणूस बोलवायची, बाकी सगळं स्वतः. भुवया, पापण्या, कपाळ, सगळं पिठाने पांढरं. माझा समज होता की ती म्हातारी आहे. होती जेमतेम चाळिशीची.

आमची प्रॅक्टिस त्या मागच्या खोलीत चालायची, आणि ती फक्त गिरणी चालू असताना. त्याला कारण होतं. एकदा मावशी बाजाराला गेली होती, गिरणी बंद, तरी आम्ही वाजवलं, तर शेजारचे एक निवृत्त हवालदार काठी घेऊन आले आणि म्हणाले, "मेलं का कुणी?" तेव्हापासून ठरलं. मावशीने खटका ओढला, पट्टा फिरायला लागला, दगड घरघरले, की आम्ही सुरू. गिरणी थांबली की आम्हीही गप्प. आख्ख्या आळीला आमचा त्रास म्हणून कधी झाला नाही. लोकांना वाटायचं, आज जोंधळा जरा जाड आहे.

त्या पट्ट्याला एक सांधा होता. तो चाकावरून गेला की टप्प असा आवाज यायचा. टप्प, टप्प, टप्प. मी माझा ठेका त्यावर धरायला शिकलो. लोक घड्याळाचा ताल धरतात, मी गिरणीच्या पट्ट्याचा धरला.

आणि यातच त्याचं दुखणं होतं. मधे एक भिंत, भिंतीत हातभर खिडकी. तिच्यातून मावशी आम्हाला चहा द्यायची, गूळ घातलेला, वर पिठाची साय. पण गिरणीच्या आवाजात तिला पलीकडचं काही म्हणजे काही ऐकू जायचं नाही. सगळ्या लष्करी कॅम्पाने तिच्या पोराचं गाणं ऐकलं होतं. भिंगारच्या बाजूला फौजी लोकांच्या पार्ट्यांत आम्हाला बोलवायचे, कॉलेजच्या गॅदरिंगला बोलवायचे. रस्त्याने चालला की पोरं कोपर मारून दाखवायची, "तो बघ, तो." नगरपुरता का होईना, तो प्रसिद्ध होता. फक्त आईने ऐकलं नव्हतं.

"मावशीला एकदा ऐकवायचं राव," तो म्हणायचा. त्याला दुसरी हाव नव्हती. मुंबईची नाही, रेकॉर्डची नाही. म्हणजे होती, खोटं कशाला बोलू, पण ती सगळ्यांनाच असते. ही त्याची एकट्याची होती. आईला तोही आमच्यासारखं मावशीच म्हणायचा, मावसभावंडांत वाढला म्हणून.

तो तिला म्हणायचा, "मावशे, घडीभर बंद कर ना. एकच गाणं."

"ऐकते की. एवढं दळान हुंदे. बाया खोळंबल्यात."

बाया कायम खोळंबलेल्या असायच्या. सणाला तर विचारूच नका. गॅदरिंगच्या दिवशी तिने चक्क धुतलेलं लुगडं काढून ठेवलं होतं. संध्याकाळी पुढच्या रांगेत एक खुर्ची आम्ही रुमाल टाकून धरली. रुमाल शेवटपर्यंत तसाच. कुणाच्या तरी घरी दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि आयत्या वेळी पोत्याने गहू आला. "लग्नाघरी न्हाई कसं म्हनू रं?" ती म्हणाली. तो जेवला आणि झोपला.

तो रद्दीच्या दुकानातून साहेब लोकांची इंग्रजी मासिकं किलोवर आणायचा. तिकडच्या मोठ्या मोठ्या रॉकवाल्यांचे फोटो कापून गिरणीच्या भिंतीवर डकवायचा. कोण आधी ट्रक चालवायचा, कुणाचा बाप बंदरात हमाली करायचा, कुणाला शाळेतून काढलं होतं, सगळं त्याला तोंडपाठ. आपल्याकडे लोकांना देवांच्या कथा माहीत असतात तशा त्याला यांच्या. फोटोंवर रोज पीठ बसायचं आणि मावशी रोज पदराने एकेकाचं तोंड पुसायची.

"कुनाची पोरं ही? यांच्या आया काय करत्यात? केसं कापाया सांगत न्हाईत व्हय?"

मग त्या वर्षा-दोन वर्षांत त्यातले एकामागून एक जायला लागले. सत्ताविशीतली पोरं. बातमी आमच्याकडे यायची तोवर तिकडे त्यांच्या थडग्यावर गवत उगवलेलं असायचं. अशी एक बातमी वाचून तो ताटावरून उठला. मावशीने मला विचारलं, याला काय झालं. मी भिंतीवरचा फोटो दाखवला, म्हटलं, हा गेला.

"अगं आई गं," ती म्हणाली. "आई हाय का त्याला?"

मला काय माहीत! असेल म्हटलं. ती त्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "काय हुत आसंल त्या बाईचं." त्यानंतर त्या फोटोला मात्र ती पदर नाही, ओलं फडकं लावायची.

आम्ही सगळं इंग्रजीत गायचो. अर्थ निम्मा कळायचा, निम्मा नाही. एक दिवस तो म्हणाला, मी एक गाणं केलंय, मराठीत. मी आणि गिटारवाला इतके हसलो की त्याचं तोंड लाल झालं.

"त्यात हसायला काय झालं? ते लोक काय करतात? त्यांच्या गावचा रस्ता, त्यांच्या गावचा कारखाना. मग आपण काय त्यांच्याच गावचं गायचं का? आपल्या गावात गिरणी आहे."

आणि त्याने म्हटलं. बाई गिरणीत डबा ठेवते, येते जरा जाऊन म्हणते, तसं ते गाणं.

डबा ठेवून चाललो मी, नंबर माझा धर,
जग बघून येतो जरा, दळण तेवढं कर.

पट्ट्याच्या सांध्यावर ते असं चपखल बसलं होतं की माझं हसूच थांबलं. टप्प, टप्प. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा गिटारवालाही सुरात आला. आम्ही ठरवलं की हे गाणं पहिल्यांदा मावशीला ऐकवायचं, मगच बाहेर. मूर्खपणा. बाहेर म्हटलं असतं तर निदान कुणीतरी ऐकलं असतं.

मग दुष्काळ आला. गिरणीत जोंधळा येईना. यायचा तो रेशनवरचा लाल मिलो, अमेरिकेचा जोंधळा, तोही किलो-दोन किलो. गिरणी दिवसाला तासभर चालायची, बाकी वेळ मावशी ओट्यावर बसून असायची. तुम्ही म्हणाल, मग तेव्हा ऐकवायचं. पण तेव्हा तो नगरात होता कुठे? पारनेरच्या बाजूला तलावाचं दुष्काळी काम निघालं, तिथे तो हजेरी घ्यायला लागला. घर चालायला हवं होतं. केस कापले. महिन्या-दीड महिन्याने यायचा, काळा ठिक्कर पडलेला, आवाज धुळीने बसलेला. मावशी म्हणाली, "आता गा की. आता कोन हाय खोळंबलेलं?" तो म्हणाला, "घसा सुटू दे. पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला तो बैलगाडीतून आला, डोळे हळदीसारखे. तिथलं पाणी म्हणजे डबक्याचं, माणसं आणि गुरं एकाच ठिकाणी प्यायची. आधी कावीळ उतरवणारा झाला, मग पाला, मग सिव्हिल हॉस्पिटल. तिथे डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं तेव्हाच मी समजलो. चोविसावं चालू होतं त्याला. ज्यांचे फोटो लावायचा, त्यांच्या सत्ताविशीपर्यंतही पोचला नाही बिचारा. आजही मला त्याचा राग येतो. मरायची काय घाई होती रे?

दहावा सीनेच्या काठी. नदी कोरडी ठणठणीत, पाणी घागरीने नेलं होतं. त्याच दिवशी शेजारी आणखी दोन दहावे होते. कावळे त्या साली माणसांसारखेच उपाशी. शेजारचे पिंड ठेवायचा अवकाश, झडप घालून नेले. आमच्या पिंडाकडे एक फिरकेना. समोर लिंबावर ओळीने बसून राहिले. भात वाळायला लागला.

त्याचा मामा पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "आक्काला अंतर देनार न्हाई. गिरनी मी बघीन." कावळा नाही. चुलत्याने पुढचं वर्षश्राद्ध, दानधर्म, काय काय कबूल केलं. नाही. गिटारवाला ख्रिश्चन, त्याला यातलं काही ठाऊक नाही, पण तोही बूट काढून पुढे गेला आणि म्हणाला, "आपण ग्रुप बंद नाही करणार यार." एक कावळा हलला, तर तो नुसता फांदी बदलून बसला. ऊन चढलं. भटजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ. चालतं."

"थांबा," मावशी म्हणाली.

बायकांतून उठून ती पिंडापाशी आली. दहा दिवस गिरणी बंद होती, तिच्या अंगावर पीठ नव्हतं. मी तिचा खरा चेहरा पहिल्यांदा पाहिला. अगदी त्याच्यासारखा. ती खाली बसली आणि ताटावर बोलावणाऱ्या आईच्या आवाजात म्हणाली,

"गिरनी बंद ठिवते. तुजं गानं आईकते. येकदम सगळं आईकते. ये बाबा."

कावळा उतरला.

आता कावळ्याला काय कळतंय म्हणा. आम्ही सगळे तिच्याकडे बघत मागे सरलो होतो, वाट मोकळी झाली, म्हणून आला असेल. मी स्वतःला हे पन्नास वर्षं सांगतोय आणि एकदाही मला ते पटलेलं नाही.

पण बोलून बसलेली बाई ती. तेराव्यानंतर गिरणी सुरू झाली. रेशन आलं होतं, बाया डबे घेऊन नंबर लावून उभ्या होत्या. मी मागच्या खोलीतून माझा ढोल न्यायला गेलो होतो. माझ्या मामाच्या बँडला लग्नं नव्हती, पण मला तो त्या खोलीत बघवत नव्हता. मावशीने मला खिडकीतून पाहिलं आणि खटका ओढला. भर दळणात. पट्टा हळू होत होत थांबला. बाया म्हणाल्या, काय झालं गं? ती मागे आली आणि पोत्यावर बसली.

"हां. गा."

"मावशी, मी? मी गाणारा नाही हो."

"मंग कोन हाय आता?"

त्याचा आवाज कुठे भरून ठेवलेला नव्हता. आमच्याकडे टेप नव्हता, काही नव्हतं. ते गाणं जगात दोनच माणसांना येत होतं, आणि त्यातला गिटारवाला पोटापाण्यासाठी पुण्याला निघून गेला होता.

मी ढोलापाशी बसलो. डबा ठेवून चाललो मी. चुकलं. ठेका पळाला. पुन्हा धरलं, पुन्हा पळाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पट्टा थांबलाय आणि मला त्याच्याशिवाय ताल येत नाही. गिरणी चालू ठेवावी तर तिला ऐकू येणार नाही, आणि बंद ठेवावी तर मला गाता येणार नाही. मला रडू फुटलं. एवढा घोडा झालो होतो, पण तिच्यासमोर ढसाढसा रडलो.

मावशीने शेजारचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर हाताने मारायला लागली. टप्प, टप्प, टप्प. नेमका तोच सांधा. एवढी वर्षं तो आवाज तिच्या हाडांत गेलेला. तिला तो काय शोधावा लागणार?

मग मी म्हटलं. सगळं. बेसूर, नाकातून, पण शब्द एक चुकला नाही. बाया दारात येऊन उभ्या होत्या. हवालदारही आले होते, काठी बगलेत धरून, टोपी काढून.

संपल्यावर मावशी म्हणाली, "असंच म्हनायचा का रं त्यो?"

"नाही मावशी. तो लई चांगला म्हणायचा."

"आसंल," ती म्हणाली. "तुजं लईच वंगाळ हाय." आणि जरा हसली. "आनकी येकदा म्हन."

मी पुन्हा म्हटलं. मग तिने डबा उचलला, बायांना म्हणाली, "चला गं, कुनाचा नंबर?" आणि गिरणी सुरू झाली.

ढोल खांद्यावर घेऊन निघताना मी सहज खिडकीतून पाहिलं. ती पाठमोरी नव्हती. दळणावर हात ठेवून उभी होती, पापण्यांवर पुन्हा पीठ, गालांवर दोन ओल्या रेघा, आणि ओठ हलत होते. डबा ठेवून चाललो मी, नंबर माझा धर. मला शब्द येत होते म्हणून ओठांवरून कळलं. मी खिडकीला कान लावला, तरी मला काहीच ऐकू आलं नाही.